शंभर मोजेपर्यंत

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसलो.
ओउलूची शाळा, सकाळचे आठ, बाहेर अजून रात्रच.
शेजारी एकोणीस वर्षांची होदान,
घरी सोमाली बोलणारी,
फिनिश माझ्यापेक्षा शुद्ध.
"काका, एप्रन उलटा घातलाय,"
ही आमची ओळख.

चोवीस वर्षं मी कागद पाहिला होता,
ओला, ताशी नव्वद किलोमीटरनं पळणारा.
फाटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो,
मला तो झोपेतही कळायचा.
मग एका जूनमध्ये यंत्र थांबलं
आणि गावाच्या लक्षात आलं
की इतकी वर्षं आपण सगळे ओरडूनच बोलत होतो.

रोजगार कार्यालयातल्या बाईंनी यादी सरकवली.
चष्मा घरी राहिला होता,
मला फक्त "प्रयोगशाळा" एवढंच वाचता आलं.
वाटलं, लगद्याचा ओलावा मोजायचा असेल.

रबरी हातापुढे सगळेच धीट.
खऱ्या हाताची पाळी आली तेव्हा होदाननं बाही वर केली.
पुस्तकातले सगळे हात गोरे, शिरा निळ्या, नकाशासारख्या.
तिच्या हातावर काहीच दिसेना, दिव्याखालीसुद्धा.
मार्युतबाई म्हणाल्या, "बघू नका. विचारा."
मी डोळे मिटले, बोट ठेवलं,
आणि ताणलेल्या कागदानं द्यावं तसं
आतून कुणीतरी हळूच उत्तर दिलं.
"दुखलं नाही," होदान म्हणाली.
मग म्हणाली, "थोडं."

निळं टोपण आधी, मग पिवळं, मग हिरवं, जांभळं शेवटी.
उणे बावीसमध्ये बसची वाट बघत
मी हे पुटपुटायचो, लोक लांब उभे राहायचे.
नळी आठदा उलटायची, हळू. हिसका द्यायचा नाही,
पेशी फुटतात.
उभा जन्म रक्ताचं पाणी केलेल्या माणसाला
आता रक्ताचं रक्तच राहू द्यायला शिकायचं होतं.

काचेवर थेंब, दुसरी काच तिरकी, एकच ओढ.
शेवट पिसासारखा विरत जायला हवा.
माझा शेवट पायरीसारखा.
दोन डबे काचा वाया गेल्यावर होदान म्हणाली,
"काका, जोर काढा."
कुठून काढायचा, ते तिनं सांगितलं नाही.

फेब्रुवारीत इस्पितळात उमेदवारी.
मंगळवारी खुर्चीत रेइनो येऊन बसला,
आमच्याच पाळीतला, गुंडाळणीवरचा.
"तू?"
"मी."
दंडावर जांभळे डाग. "लाकडं फोडताना," तो म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.
एकाच टोचणीत मिळालं. "बरा हात बसलाय तुझा."
चोवीस वर्षांत त्यानं केलेली ही पहिली स्तुती.

बुधवारी काचांचा ढीग.
शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, प्रत्येकीला एक खटका.
एका काचेवर मी एकतीसवर थांबलो.
सगळ्या एकसारख्या, मोठ्या, कोवळ्या,
मज्जेतून ज्यांनी अजून बाहेर पडायचंच नव्हतं.
सातूबाईंना हाक मारली.
त्या भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसल्या,
आणि मग त्यांनी फोन उचलला.
मी काचेवरचा नंबर दोनदा वाचला,
नियमच आहे.
दाराबाहेर तो विसरायचा,
हाही.

शनिवारी सौनात बाकावर एक जागा रिकामी.
"रेइनो आला नाही आज," कुणीतरी म्हणालं.
"तू तर तिथंच असतोस ना?"
"आम्हाला फक्त नंबर दिसतात," मी म्हणालो
आणि तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं,
गरजेपेक्षा जास्त.
वाफ उठली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

सोमवारी होदाननं माझ्यापुढे काच धरली,
काल तिनं ओढलेली. शेवट पिसासारखा.
मी भिंग खाली आणलं,
खटक्यावर अंगठा ठेवला.
एक.