चावलेला बोल्ट

उद्यमनगरात लेथ थांबवून
दस्तगीर शिकलगारांनी
माझ्या रायफलीचा बोल्ट ट्यूबलाइटखाली फिरवला.
"चावलंय."

खाचेच्या कडेला ओरखडा, नखाला अडकेल एवढा.
पोलादानं पोलादाचा घास घेतला
आणि तो घास तिथंच चिकटून राहिला.

"दोन्ही एकाच जातीची, सारखीच कडक,
मधी तेलाचा थेंब न्हाई.
मग हुतंय असं."

मी म्हटलं, दुधाळीच्या रेंजवर धूळ फार.
"धूळ न्हवं, पोरी. जोर.
अडकल्यावर तळव्यानं ठोकलंस, व्हय का न्हाई?"
मी तळवा ओढणीत घेतला.

मग बोटभर लांबीचा दगड,
त्यावर तेल, आणि एवढा हलका हात
की बाहेरच्या टेम्पोचा आवाज मोठा वाटावा.
"खड्डा भरायचा न्हाई. उठलंय तेवढंच बसवायचं.
जास्ती घासलं की गोळीमागं जागा हुती,
मग बंदूक गेली कामातनं."

व्रण राहिलाच.
तुरीच्या दाण्याएवढं ग्रीस लावून
त्यांनी बोल्ट पुढं सारला, दांडी खाली केली:
आत कुणी झोपलेलं असताना
दाराची कडी लावावी, तसा.

"चाळीस दे. ग्रीसचं."
दगडाचे पैसे त्यांनी सांगितलेच नाहीत.