उचलून लोटा

आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी
त्याला एक सूचना मिळायची:
मोरीचं दार उचलून लोटा.
मधल्या खोलीचं, दोन्ही हातांनी.
तरी कुणी नुसतंच ढकलायचं, आणि दार
लादीवर करकरत अर्ध्यापर्यंत जायचं
आणि तिथेच अडून बसायचं,
वाटा मागायला आलेल्या भावासारखं.

वेंगुर्ल्यात लोखंडाला आयुष्य नाही.
बंदर हाकेवर. भरतीच्या वाऱ्यात
खिडकीचे गज चाटले तर जेवणात मीठ नको.
बिजागऱ्यांना बोट लावलं की तांबडे पापुद्रे गळायचे,
तांबोशीची खवलं काढल्यासारखे.

इनास सुताराला तीनदा फोन केला.
"येतंय मा, आयतारी येतंय."
खंयचो आयतार, ता सांगल्यान नाय.

मग पोस्टातून सुटल्यावर मीच गेले बाजारात.
नऊ बिजागऱ्या द्या, चार इंची, स्टेनलेसच्या.
मठकरांनी माझ्या मागे पाहिलं,
कुणी पुरुष उभा आहे का.
म्हणाले, पितळी न्या, पितळेला दर्या खात नाही.
किंमत ऐकून मी म्हटलं,
खाऊ दे थोडं दर्याला.

यांच्या मणक्यात गॅप. वाकायचं नाही,
पण सूचना द्यायला वाकावं लागत नाही.
खुर्ची ओढून बसले, मांडीवर ताटली,
निघालेले स्क्रू तिच्यात मोजत.
"आधी खालची काढ. नाको गो, वयली."

स्क्रू कसले, नुसत्या गुळगुळीत टिकल्या.
रात्रभर खोबरेल पाजलं,
सकाळी एकेक कुरकुरत फिरला.
शेवटचे दोन पटाशीने उपटले
तेव्हा खाली फणस निघाला, पिवळाधमक,
बत्तीस वर्षं झाकलेला, आज कापल्यासारखा.
त्यावर पेन्सिलीने: म. खो.
मधली खोली. इनासच्या बापाचं अक्षर.
तो गेला तेव्हा इनास आठवीत होता.

मी त्या अक्षरावरच नवी बिजागरी बसवली.
दुसरीकडे कुठे बसवणार?

भोकं सैल झालेली, स्क्रू आत डुगडुगायला लागले.
खराट्याचे हीर मोडले, फेव्हिकॉलात बुडवून ठोकले,
वर राहिलेली टोकं विळीवर नाही, दातांनी तोडली.
"असा कोण करता?" हे म्हणाले.
मी करते.

दाराखाली नारळाची सोडणं सरकवून उंची आणली,
उरलेला भार पायाच्या अंगठ्यावर घेतला
आणि पहिला स्क्रू पिळला.
हे उठायला गेले. बसा, मी म्हटलं.
बसले.
एरवी हे दार तेच उचलायचे,
एका हाताने,
दुसऱ्या हातात पेपर.

दिवेलागणीला तिसरं दार लागलं.
करंगळीने ढकललं. गेलं.
चौकटीला टेकलं. टक्.
इतकी वर्षं या घरात एकही दार पुरतं मिटलं नव्हतं,
भांडलो तेही
फटीतून बाहेर जाणार नाही एवढंच.

रात्री हे उठले. मी जागी होते.
अंधारात हात दाराला लागल्याचं ऐकलं,
सवयीने वर गेल्याचं,
आणि वर उचलायला काहीच नसल्याचं.
बराच वेळ आवाज नाही.
मग एक हुंकार. हसले असतील,
किंवा कमरेत कळ आली असेल.
अंधारात दोन्ही सारखंच ऐकू येतं.

सकाळी लादी पुसताना तो पाव गोल दिसला,
दाराने ओढत ओढत कोरलेला.
ब्रशने घासला, लिंबू लावलं, जात नाही.
दार आता बोटभर वरून निघून जातं,
त्याची आपली काही ओळखच नसल्यासारखं.

दुपारी सावंतवाडीहून नणंद आली.
हातपाय धुवायला निघाली, मी स्वयंपाकघरातून ओरडले,
अगो, उचलून

तोवर ती आत.