नूतनीकरण

पहाटे पाच. वेस्ट व्हर्जिनियात
टायरच्या बंद दुकानामागे मेथाडोनची रांग.
वेंडेल स्टिल्टनर, दोनशे बारा दिवस सुईविना.

खिडकीतली ओपल रोज
लाल औषधाचा इवलासा पेला सरकवते,
गिळलं की म्हणते, बोल काहीतरी.
तोंडात लपवलं नाही ना, एवढंच बघायचं असतं.
तो हवेचं सांगतो, नाहीतर
कुत्री व्यायली त्याचं.

आज पडद्यावर: मेडिकेड बंद.
पत्र गेलं होतं म्हणे
त्या ट्रेलरच्या पत्त्यावर,
जो बायकोने मार्चमध्ये ओढून नेला.
उत्तर नाही, म्हणून नाव कमी.
रोख अठरा डॉलर. खिशात सहा.

ओपल कानाला फोन लावून थांबलेली.
मागे कुणीतरी खोकतं.
घशाखाली काहीच उतरलेलं नसताना
वेंडेल काचेशी वाकून बोलतो:
पाच झाली होती गं,
एक अजून कुणी नेलं नाही.