एकदाच

स्वारगेटहून धायरीची बस, संध्याकाळचे सव्वासात.
मी उभी, दांडीला लोंबकळत.
खाली खिडकीशी एक मुलगी,
मांडीवर डबा, डब्यावर फोन.
फोटोच्या जागी गोलातला एक.

तिनं आजूबाजूला पाहिलं.
वर नाही पाहिलं.
मग अंगठा टेकवला.

बाथरूमचा आरसा, गीझरचा लाल दिवा,
आणि एक बाई, नुकतंच डोकं भादरलेली,
हसू जमतंय का ते बघणारी.
खांद्यावर पिवळा टॉवेल.
कानामागे एक बट चुकून राहिलेली.

दांडेकर पूल गेला.
मुलगी मागे जाईना.
मागे गेलं की संपणार, हे आम्हा दोघींना ठाऊक.
स्क्रीन विझायला लागली की हळूच बोट लावायची,
झोपू न देता तापातल्या माणसाला
हाक मारत राहावी तशी.

राजाराम पुलाशी घरून फोन आला,
येताना कोथिंबीर आण.
हो म्हणाली. परत पाहिलं तर
एकच शब्द: उघडला.

आता तो तिच्याकडे नाही.
पाठवणारीकडे नाही.
कंपनी म्हणते, आमच्याकडेही नाही.
माझ्याकडे आहे.
बटेसकट.

आनंदनगरला उतरले, दुधाची पिशवी घेतली.
नवऱ्याला नाही सांगितलं, ऑफिसात नाही.
अकरा महिने झाले.
कणीक मळताना मधेच विचारते,
काढलीस का गं ती बट?

आणि आज तुम्हाला सांगून बसले.
टॉवेलचा रंग बदललाय. बसही दुसरीच होती.
एवढंच झाकता आलं.