आहेस ना?

वाल्दिव्हियाच्या दूध-संघाचा नकाशा
एर्मेलिंडा वेनूलने टेबलभर पसरलाय,
कोपऱ्यांवर चीजचे चार तुकडे, कागद गुंडाळू नये म्हणून.
मधोमध दोन चौकोन: गाभ्याचे दोन स्विच.
प्रत्येक तारेला जोडीदार, प्रत्येक वीजपुरवठ्याला सवत.

डॉन बाल्दोमेरो म्हणतात, फायरवॉल गाभ्यातच बसव.
सगळी रहदारी त्याच्या नजरेखालून जाऊ दे.
ती म्हणते, माजघरात पहारेकरी बसवला
तर स्वयंपाकघरातून मीठ आणायलाही
घरच्यांनी ओळखपत्र दाखवायचं का?
गाभ्यानं फक्त धावावं. विचारपूस उंबरठ्यावर,
इंटरनेटच्या दारात, पगाराच्या खोलीबाहेर.
'आणि चोर आधीच घरात असला तर?'
यावर ती गप्प. पेन्सिल चावते.
शीतगृहाच्या यंत्रांभोवती आणखी एक रेघ ओढते.
म्हातारा कधी कधी बरोबर असतो, त्याचाच राग येतो.

दुपारी ती तारेमागे चालत निघते.
पहिली तार पुलावरून, नदीपलीकडे.
दुसरी, दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची, दुप्पट भाड्याची,
मासळीच्या ओट्यांमागून वळते,
जिथे समुद्रसिंह म्हशींसारखे पहुडलेत,
आणि येते
त्याच पुलावर.
त्याच पाइपात.
एकमेकींना खेटून, जत्रेतून परतणाऱ्या बहिणींसारख्या.

हिशेबनीस विचारतो, वरच्या गावावरून वळसा? चाळीस किलोमीटर?
जी वापरायचीच नाही तिचे पैसे दरमहा?
ती म्हणते, हो.
एवढंच म्हणते. पूल बोलला तर बोलेल पुढचं.

रात्री यंत्रघरात दोन फायरवॉल.
एक राबतो. दुसरा नुसता बसून
सेकंदासेकंदाला पातळ तारेतून विचारतो: आहेस ना?
उत्तर येतं. पुन्हा विचारतो.
बाल्दोमेरो दाराशी उभं राहून घरी फोन लावतात,
गेल्या हिवाळ्यापासून, दर तासाला.
पलीकडून एखादा शब्द, खोकला, मग ठेवल्याचा आवाज.
तेवढ्यानं त्यांचा खांदा खाली येतो.

पंख्यांच्या घोंघाटात एर्मेलिंडा
नकाशाच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिते:
'महिन्यातून एकदा पहिला मुद्दाम बंद करून बघणे.
दुसरा उठतो का.'
मग त्यांच्याकडे पाहते, खोडरबर शोधते.
नियम बरोबर आहे.
तसाच ठेवते, फक्त कागदाची ती बाजू
चीजच्या तुकड्याखाली सरकवते.