हिरव्या कापडावर तीन

हकीमुद्दीन सेठनं काउंटरवर हिरवं कापड पसरलं,
तीन रिव्हॉल्वर ठेवल्या अंतरा-अंतरानं,
लायसन्सवरचा माझा फोटो आणि मी
दोघांकडे एकदा बघितलं.
"रोज बाळगणार, की कपाटात?"

रोज, मी म्हटलं.
मे महिन्यात तेंदूच्या चार फळ्या,
सिंदेवाहीपासून आत बावीस किलोमीटर,
शनिवारी मजुरीची थैली, मोटरसायकल,
आणि मागे बसायला मुंशी डोमा
जो अस्वलापेक्षा पानांच्या आवाजाला जास्त भितो.

"वाघासाठी नाही ना?"
विचारताना तो हसला नाही, हे मला आवडलं.
"वाघासाठी मोठ्यानं बोलत जायचं.
ही माणसासाठी,
आणि माणसासाठीही न काढलेलीच बरी."

पहिली लांब नळीची.
हातात धरली तर मनगटात फौजदार शिरला.
कमरेला लावून खाली बसलो तर नळी मांडीत रुतली.
आणि मी दिवसातून किती वेळा उकिडवा बसतो,
पुडके मोजायला, नाल्यावर तोंड धुवायला,
बिडी पेटवायला, मयतीत.
लांब नळी उभ्या माणसाची.

दुसरी बॅंडवाल्याच्या बटणासारखी चकचकीत.
डोमा म्हणाला, "हेच घ्या मालक, दुरून दिसते."
म्हणूनच ठेवून दिली.

तिसरी आखूड, काळपट, बत्तीस बोर,
मूठ सागाची, कुणाच्या तरी तळव्यानं आधीच गुळगुळीत.
रिकामं चक्र फिरवलं,
सहा घरं, सहा वेळा अडकित्त्याचा आवाज.
चाप घट्ट आहे, मी म्हटलं.
"असू द्या. तेवढ्यात राग अर्धा होतो."

मग तेलाची बाटली, चिंधी, दांडीचा ब्रश.
पावसाळ्यात कातड्यात ठेवू नका, सेठ म्हणाला,
कातडं ओल धरून ठेवतं.
पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडून दिलं, फुकट.

घरी पार्बतानं किंमत विचारली नाही.
तांदळाच्या काट्यावर ठेवली,
काटा थांबेपर्यंत बघत राहिली.
"पाऊन किलोले कमी हाये.
येवढ्या पैशात तं
जल्मभर कोचई खाल्ली असती आपन."
आणि काट्याचं पारडं धुऊन घेतलं.

नात धावत येऊन कमरेला मिठी मारायची.
पहिल्या दिवशी मी तिला
खांद्याला धरून हातभर लांब थांबवलं.
"काहून आबा?"
काहून, ते काही सुचलं नाही.
ताप आहे, म्हटलं.
तिनं कपाळाला हात लावला, म्हणाली, नाही.

सात हंगाम झाले.
एकदा पांगडीच्या वळणावर दोघं जण
रस्त्यात बाभळीची फांदी टाकून उभे होते.
हात सदऱ्याखाली गेला, चापापर्यंत पोचला,
तोवर एकानं विचारलं,
"भाऊ, पेट्रोल हाये का थोडंसं?"
डोमानं नळी लावून काढून दिलं.
माझा हात बराच वेळ तिथंच होता,
मग बाहेर काढून
उगाच घड्याळ बघितलं.

सहा गोळ्या अजून दुकानातल्याच,
दर शनिवारी पुसून परत बसवतो.
सदरे मात्र सगळे उजव्या अंगाला विरले.
पार्बता आतून ठिगळ लावते, त्याच रंगाचं,
बाहेरून कळू नये असं.
आणि पोर, कुणी न सांगता,
आता डावीकडूनच बिलगते.