डाव्या उताराची निब

बोरा बाजारात एका जिन्याखाली
जुझरभाईंचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा,
आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यांत
निरनिराळ्या पेनांची टोपणं, निबा, क्लिपा.

मी रुमालातून पेन काढलं.
बाबांचं, म्हटलं. स्मॉल कॉज कोर्टात बेलिफ होते.
त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं.
आत खुळखुळलं, वाळल्या शेंगेत बी वाजावं तसं.
"रबर मेलं. माणसाआधी की नंतर, सांगता येत नाही."

ऊब दिल्यावर एबोनाइटला गंधकाचा वास सुटला,
दिवाळीत पहाटेनंतर गॅलरीला असतो तो.
आटे सैल झाले.
पिशवीचे काळे कपचे त्यांनी वर्तमानपत्रावर झटकले.
तरफेखालची पट्टी गंजून अर्धी उरलेली;
तिच्याजागी दुसऱ्या पेनातली काढून बसवली.
"हा नागपूरचा वकील होता," म्हणाले.

निब आणि तिच्याखालची जीभ
स्टीलच्या वाटीत, कोमट पाण्यात.
चहा येईपर्यंत काहीच नाही.
मग खाचेतून एक निळा दोरा सुटला
आणि वाटीभर भोवंडला:
तीस वर्षांपूर्वी
कागदापर्यंत न पोचलेली शाई.

भिंग डोळ्याला तसंच ठेवून त्यांनी विचारलं,
"वडील डावरे होते?"
नाही.
"नीट आठवा, बेन."
काय आठवायचं?
उजव्या हातानं जेवत, उजव्यानं लोकांच्या कड्या वाजवत,
उजव्यानंच, क्वचित, मारत.
"मग हे त्यांनी चालवलेलं नाही. बघा."

निबेच्या टोकावरचा ठिपका एका अंगानं उतरलेला,
जिन्याची पायरी झिजते तसा,
जिथे रोज एकच पाऊल पडतं.
"उजवा हात ओढतो. डावा ढकलतो.
हे वीसेक वर्षं ढकललंय."

चहावर साय धरली.

माझगावच्या खोलीत बाबा आठाला चपला काढत,
पाय कोमट पाण्यात सोडून
दिवसभराचे पत्ते तोंडानं सांगत बसत.
कुणाला, ते मी कधी पाहिलं नाही. मी झोपलेली असे.
सकाळी आईच्या डाव्या हाताची कड
करंगळीपासून मनगटापर्यंत निळी.
"नीळ गं, कपड्यांची."
पांढरे कपडे तरी आमच्याकडे किती होते.

त्याच हातावर उलथन्याचा एक डाग होता,
तिच्या माहेरचा. त्याबद्दल ती बोलत नसे.

'प्रतिवादी घरी नाही. शेजारी माहिती देत नाहीत.
समन्स दाराला डकवून परत.'
डोंगरी, कुंभारवाडा, शिवडी, परळ.
भायखळ्याच्या बाजारापलीकडे न गेलेली बाई
रात्री स्टोव्हशेजारी बसून
सगळ्या मुंबईची बंद दारं लिहून काढत होती.
खाली सही बाबांची.

जुझरभाई नवी पिशवी शंखजिऱ्यात घोळवत होते.
तोंडाशी लाखेचं एक बोट.
"टोक सपाट करून देऊ? पाच मिनिटांचं काम.
नाही तर तुमच्या हाताला कागद खरवडेल."
राहू दे, म्हटलं.
"मग नेऊन करणार काय?"
मला सांगता आलं नाही.

लाख वाळायला रात्र जाते.
दुसऱ्या दिवशी त्यांनी शाई भरून वही पुढे सरकवली.
तिच्यात गिऱ्हाइकांच्या सह्याच सह्या.
माझी सही अडखळली, अर्ध्यावर कोरडी पडली.

मग पेन दुसऱ्या हातात घेतलं,
वही तिरकी केली, आणि पहिलीतल्या पोरीसारखी
जीभ दातांत धरून लिहिलं: द्वारका.
'द्वा' पार कोलमडला.
पण निब कुठे अडली नाही.

जुझरभाईंनी वही वळवून वाचलं. कोण, विचारलं नाही.
"रबर, लाख, पट्टी. साडेचारशे," म्हणाले.
"निबेला मी हात लावलेला नाही.
तिचे काही नाहीत."